रिझल्ट चॅप्टरमधले आकडे आपोआप कसे भरायचे? पीएचडीवाल्या एका ताईंना सविस्तर उत्तर

ताईंचा प्रश्न थोडक्यात आधी सांगतो म्हणजे बाकीच्यांना पण कळेल कशाबद्दल चाललंय. कोल्हापुरातल्या तालमीतले पैलवान आणि पेठांमधले फुटबॉल खेळाडू, यांच्यातली स्पर्धेच्या आधीची चिंता हा त्यांचा मानसशास्त्रातला पीएचडीचा विषय. डेटा एसपीएसएसमध्ये (आकडेवारीचं सॉफ्टवेअर), थिसिस वर्डमध्ये आणि मराठीत. रिझल्टचं चॅप्टर लिहून झालं, आणि आता गाईड म्हणतात अर्धवट भरलेले सात फॉर्म काढून टाका. झालं, एन (एकूण माणसं) बदलला, त्यामुळे मीन (सरासरी), एसडी (आकड्यांचा पसारा), टी आणि एफ (गटांमधला फरक तपासणारे आकडे), पी (खरा फरक नसतानाही एवढा फरक दिसायची शक्यता) सगळंच बदललं, आणि चाळीसच्या वर टेबलं परत टाइप करायची वेळ आली. ताई विचारतात की हे आपोआप करायची काही सोय आहे का, कोडिंग अजिबात येत नाही, सबमिशनला चार महिने आहेत, आणि मैत्रीण म्हणते की आउटपुट चॅटजीपीटीत टाक, तो सगळं लिहून देतो.

सोय आहे, आणि बऱ्याच वर्षांपासून आहे. फक्त "आपोआप" म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात बघा. एक म्हणजे आकडा डेटातून निघून वाक्यात आणि टेबलात आपला आपण जाऊन बसणं. दुसरं म्हणजे त्या आकड्याचा अर्थ सांगणारं वाक्यच मशीनने लिहिणं. पहिलं शंभर टक्के मशीनवर सोडा, तिथे माणसाचा हात लागायलाच नको. दुसरं मशीनला अजिबात देऊ नका. मी थिसिसवाल्यांची स्टॅटची कामं बरीच वर्षं करतोय आणि इतक्या वर्षांत हे मत काही बदललेलं नाही, उलट पक्कंच झालंय.

आधी बघू की हाताने केलं तर नेमकं कुठे फाटतं. एसपीएसएसच्या आउटपुटमधला एक आकडा आधी टेबलात टाइप होतो, मग टेबलाखालच्या परिच्छेदात, मग चर्चेच्या प्रकरणात, मग सारांशात, आणि शेवटी व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) पीपीटीत. पाच ठिकाणी तोच आकडा, आणि मधे कुठेतरी डीटीपीवाला बसलेला, त्याला .०४३ आणि .०३४ मधला फरक कळायचं काही कारण नाही, त्याच्यासाठी ते फक्त अंक. आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. मिशेल नाउटेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधून २०१६ साली एक पेपर काढला, त्यात मानसशास्त्रातल्या आठ नावाजलेल्या जर्नल्समधले १९८५ ते २०१३ या काळातले पेपर प्रोग्रॅम लावून तपासले होते, अडीच लाखांच्या वर पी-व्हॅल्यू. निघालं काय तर निम्म्या पेपरांमध्ये निदान एक तरी पी-व्हॅल्यू अशी होती की शेजारच्या टी किंवा एफ आणि डीएफशी (डिग्रीज ऑफ फ्रीडम, माणसांच्या संख्येवरून येणारा आकडा) तिचा मेळच बसत नव्हता. आणि साधारण आठात एक पेपर असा, की ती चूक एवढी मोठी की सार्थक (पी .०५ च्या खाली) आणि असार्थक हा निकालच उलटला असता. हे सगळे पेपर रिव्ह्यू होऊन छापलेले, मोठमोठ्या जर्नलमधले. मग आपल्या थिसिसचं काय सांगायचं.

ज्या प्रोग्रॅमने हे तपासलं त्याचं नाव स्टॅटचेक. फुकट आहे, आरमध्ये (आकडेवारीची फुकट प्रोग्रॅमिंग भाषा) पॅकेज म्हणजे तयार जोड म्हणून पण आहे आणि ब्राउझरमध्ये फाइल अपलोड करून पण चालतं. सायकॉलॉजिकल सायन्स या जर्नलने २०१६ पासून रिव्ह्यूच्या कामात ते वापरायला घेतलं. त्याचं काम साधं आहे, वाक्यात टी, डीएफ आणि पी एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) पद्धतीने लिहिलेले असले की टी आणि डीएफवरून पी परत काढायचा आणि तुम्ही लिहिलेल्याशी जुळतो का बघायचं.

उदाहरण घेऊ. आकडे मी बनवलेत, तेव्हा पैलवानांनी राग मानू नये. समजा ३० पैलवान आणि ३० फुटबॉल खेळाडू, आणि चाचणी एससीएटी, म्हणजे रेनर मार्टेन्स यांची स्पर्धा-चिंतेची १५ वाक्यांची चाचणी. त्यातली १० वाक्यंच मोजायची असतात, बाकीची पाच नुसती भरीची, आणि स्कोअर १० ते ३० च्या मधे येतो. पैलवानांचा मीन २१.४३, एसडी ३.५२. फुटबॉलवाल्यांचा मीन १९.३३, एसडी ३.२५. यावरून टी(५८) = २.४०, पी = .०२०, कोहेनचा डी (फरक किती मोठा ते एसडीच्या मापात) = ०.६२, आणि फरक २.१० गुणांचा, त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरा फरक ज्या पट्ट्यात असावा तो) ०.३५ ते ३.८५.

आता हेच आउटपुट एसपीएसएसमध्ये उघडलं की एकाच टेबलात किती खड्डे आहेत बघा. वर लेव्हीनची टेस्ट (दोन्ही गटांचा पसारा समान आहे का हे बघणारी) असते, तिचा पण सिग कॉलम असतो, काहीजण तोच पी म्हणून उचलतात. खाली दोन ओळी, एक समान व्हेरियन्स (पसारा) धरून आणि एक न धरून, त्यात वरच्या ओळीचा टी आणि खालच्या ओळीचा डीएफ असं मिश्रण सर्रास दिसतं. नव्या व्हर्जनमध्ये तर एकतर्फी पी आणि दुतर्फी पी असे दोन कॉलम शेजारी शेजारी आले, त्यामुळे .०२० ऐवजी .०१० उचलला जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही, कारण दोन्ही .०५ च्या खालीच. हा स्टॅटचेकला लगेच सापडतो. आणि जुन्या व्हर्जनवाल्यांचं ते प्रसिद्ध "पी = .०००". पी कधी शून्य नसतो हो, एसपीएसएस फक्त तीन घरं दाखवतं म्हणून तसं दिसतं, तिथे पी < .००१ लिहायचं. थिसिसच्या थिसिस .००० ने भरलेले बघितलेत मी.

मीन तपासायची पण एक भारी युक्ती आहे, ग्रिम टेस्ट म्हणतात, निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स यांची. स्कोअर जर पूर्णांकातच येत असतील तर मीन वाटेल तो आकडा असूच शकत नाही. ३० जणांची बेरीज पूर्णांक, तिला ३० ने भागायचं. ६४३ भागिले ३० म्हणजे २१.४३, ६४४ भागिले ३० म्हणजे २१.४७. मग कुणी २१.४५ लिहिला असेल तर तो ३० जणांमधून येणं शक्यच नाही, एकतर टायपिंगची चूक किंवा एन वेगळा आहे. ताई, तुम्ही सात फॉर्म काढणार ना, तेव्हा जुने मीन आणि नवा एन असं जिथे जिथे राहून जाईल ते या भागाकाराने साध्या कॅल्क्युलेटरवर पकडता येईल. फक्त एक लक्षात घ्या, गट शंभराच्या पुढे गेला की दोन दशांशांवर ही युक्ती चालत नाही, कारण मग कुठलाही मीन शक्य होतो.

पण हे सगळं झालं चूक झाल्यावर पकडण्याचं. चूक होऊच नये याचा रस्ता वेगळा आहे.

रस्ता असा. थिसिसचं चॅप्टर वर्डमध्ये न लिहिता एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचं, त्यातच आरचा कोड ठेवायचा, आणि बटण दाबलं की त्यातून वर्डची फाइल तयार होऊन बाहेर पडते. आर मार्कडाउन किंवा त्याचा नवा भाऊ क्वार्टो, दोन्ही फुकट. याची मुळं जुनी आहेत, डोनाल्ड नुथ यांनी १९८४ मध्ये लिटरेट प्रोग्रॅमिंगची, म्हणजे मजकूर आणि कोड एकत्र लिहायची, कल्पना मांडली, २००२ च्या सुमारास आरमध्ये स्वीव्ह आलं, मग २०१२ पासून यिहुई शिए यांचं निटर, आणि २०२२ मध्ये क्वार्टो. तुम्हाला इतिहासाशी देणंघेणं नाही, पण गाईडना सांगायला बरं पडतं की हे कालपरवाचं फॅड नाही.

त्या फाइलमध्ये परिच्छेद लिहिताना "पैलवानांचा मध्यमान" असं लिहून पुढे २१.४३ टाइप करायचं नाही. तिथे बॅकटिक (` हे चिन्ह), मग आर हे अक्षर, मग ज्या नावाखाली तो मीन साठवलाय ते नाव, मग परत बॅकटिक. फाइल चालवली की त्या जागी आकडा येतो. सात फॉर्म काढले, परत चालवली, की सगळीकडचे आकडे बदलले, टेबलातले, परिच्छेदातले, सारांशातले, सगळे एकाच डेटामधून आलेले असल्यामुळे एकमेकांशी जुळणारेच. चाळीस टेबलं असोत नाहीतर चारशे, वेळ तेवढाच.

टी टेस्ट (दोन गटांची तुलना), अनोव्हा (जास्त गटांची किंवा घटकांची तुलना), रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज) यांचे निकाल एपीएच्या पद्धतीने वाक्यात बसवायला पापाया नावाचं पॅकेज आहे, स्पेलिंग पी-ए-पी-ए-जे-ए, फ्रेडरिक औस्ट आणि मारियस बार्थ यांचं. त्यात एपीए-प्रिंट नावाचं फंक्शन आहे, त्याला टेस्टचा निकाल दिला की टी, डीएफ, पी, कॉन्फिडन्स इंटर्व्हल हे सगळं जुळवून तयार ओळ मिळते. पीच्या पुढचं शून्य काढणं, फार छोटा असेल तर < .००१ करणं, हे सगळं ते बघतं. कोरिलेशनच्या (दोन गोष्टींमधल्या संबंधाच्या) टेबलांसाठी एपीए-टेबल्स नावाचं वेगळं पॅकेज आहे, थेट वर्डची फाइलच काढून देतं. आणि युनिव्हर्सिटीचा मार्जिन, फाँट, हेडिंगचा जो काही फॉर्मॅट असेल तो एका रिकाम्या वर्ड फाइलमध्ये सेट करून ती रेफरन्स म्हणून द्यायची, मग प्रत्येक वेळी आउटपुट त्याच रूपात येतं.

राउंडिंगबद्दल एक सांगतो कारण इथे नवीन लोक हमखास अडकतात. आरमध्ये राउंड फंक्शन लावलं की २.४० चं २.४ होतं, शेवटचं शून्य गळतं, कारण त्याच्या दृष्टीने तो आकडा आहे, छापायचा मजकूर नाही. छापायचं असेल तेव्हा एस-प्रिंटएफ वापरायचं, दोन घरं सांगितली की दोन घरं मिळतात. आणि राउंडिंग एकदाच, अगदी शेवटी. राउंड केलेल्या मीन आणि एसडीवरून पुढे डी काढत बसू नका.

आता तुमचा थिसिस मराठीत आहे, त्यामुळे तुम्हाला एक जास्तीचं काम आहे जे इंग्रजीवाल्यांना नसतं. आरमधून आकडे इंग्रजी अंकांत येतात. ते देवनागरी करायला आरमध्येच सीएच-ए-आर-टी-आर नावाचं छोटं फंक्शन आहे, त्याला एका बाजूला इंग्रजी शून्य ते नऊ द्यायचे आणि दुसऱ्या बाजूला ० ते ९, की तो अंकाला अंक बदलून देतो. म्हणजे तुमचं स्वतःचं एक फंक्शन करायचं: आकडा घे, दोन घरांचा मजकूर कर, अंक बदल. क्रम हाच ठेवायचा, कारण एकदा देवनागरी झालं की आरच्या लेखी तो आकडा राहत नाही, त्याच्यावर बेरीज-वजाबाकी होत नाही. पापायाची तयार ओळ पण अशीच शेवटी या फंक्शनमधून काढायची. आणि स्टॅटचेकला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून मी दोन आउटपुट काढायला सांगतो, एक थिसिससाठी आणि एक नुसत्या निकालांच्या ओळींचं इंग्रजी अंकांत, तपासायला. अंक बदलायचं फंक्शन चालू-बंद करायचं एक बटण ठेवलं की झालं, दुप्पट काम काही नाही.

फाँटचं काय? इथे खरी गंमत आहे. आपल्याकडे राजारामपुरीपासून शाहूपुरीपर्यंत थिसिस टाइप करून देणारे बरेच जण अजून जुन्या लिप्यांवर काम करतात, युनिकोड नसलेल्या, ज्यात आतमध्ये इंग्रजी अक्षरंच असतात आणि फक्त दिसायला मराठी दिसतं. अशा फाइलमध्ये वरचा सगळा प्रकार कोलमडतो, कारण आरमधून येणारं मराठी युनिकोड असतं आणि दोघांचं जमत नाही. तेव्हा पहिल्या दिवसापासून युनिकोड, कोकिळा, मंगल, नोटो, जो आवडेल तो फाँट घ्या. आणि डीटीपीवाल्याला फक्त सजावट आणि बाइंडिंगचं काम द्या, आकडे असलेल्या पानांना हात लावू नको म्हणून स्पष्ट सांगा, नाहीतर तो प्रेमाने सगळं परत आपल्या फाँटमध्ये टाइप करून देईल आणि तुमची सगळी मेहनत पंचगंगेत. वर्डची फाइल काढताय तोवर फाँटचा त्रास नाही, थेट पीडीएफ काढायची असेल तर झीलाटेक्ससारखं युनिकोड समजणारं इंजिन लागतं, पण त्या भानगडीत तुम्ही पडूच नका.

दुसरा मोठा भाग म्हणजे एसपीएसएस सोडून आरमध्ये आल्यावर आकडे जुळत नाहीत म्हणून लोक घाबरतात आणि परत जातात. तीन कारणं नेहमीची आहेत. आरची टी टेस्ट काही न सांगता वेल्चची करते, म्हणजे व्हेरियन्स समान न धरता. आपल्या उदाहरणात त्यामुळे डीएफ ५८ ऐवजी ५७.६३ येतो, टी तोच २.४० राहतो कारण दोन्ही गटांत माणसं सारखीच आहेत. ही चूक नाही, उलट मी तर म्हणतो वेल्चचीच वापरा, फक्त थिसिसमध्ये तसं लिहा. दुसरं अनोव्हा. एसपीएसएस टाइप थ्री बेरजा देतं, आरचं साधं एओव्ही टाइप वन देतं (वर्गांच्या बेरजा काढायच्या या दोन पद्धती), गट असमान असले आणि घटक एकाहून जास्त असले की एफ वेगळे येतात, आणि तुमचे सात फॉर्म गेल्यावर गट असमान होणारच. ए-फेक्स नावाचं पॅकेज वापरलं की काही न सांगता टाइप थ्री मिळतं आणि आकडे एसपीएसएसशी जुळतात. तिसरं, ते ९९. न दिलेल्या उत्तराला ९९ टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. एसपीएसएसच्या फाइलमध्ये ते मिसिंग म्हणून नोंदलेलं असेल तर हेवन पॅकेजने फाइल वाचताना ते आपोआप रिकामं होतं, पण एक्सेलमधून किंवा सीएसव्हीमधून आणलं की ९९ हा खराच स्कोअर धरला जातो आणि पैलवानांची चिंता एकदम आभाळाला टेकते. म्हणून डेटा वाचल्या वाचल्या प्रत्येक वाक्याचा मिनिमम-मॅक्सिमम बघायचाच.

आणि सुरुवात कच्च्या उत्तरांपासून करा. म्हणजे माणसागणिक प्रत्येक वाक्याचं उत्तर फाइलमध्ये पाहिजे, उलटी मोजायची वाक्यं उलटणं, भरीची वाक्यं वगळणं, बेरीज करणं, हे सगळं कोडमध्ये. बरेच जण उत्तरांची चावी लावून कागदावर टोटल करतात आणि फक्त टोटल एक्सेलमध्ये आणतात. मग पुढचं कितीही ऑटोमॅटिक असू दे, मुळातली बेरीज चुकली असेल तर ती चूक फार सुंदर फॉर्मॅटमध्ये छापून येते.

हाच या सगळ्या प्रकाराचा खरा धोका आहे आणि कुणी सांगत नाही. हाताने टाइप केलं की चुका विस्कळीत होतात, एक इथे, एक तिथे, आणि न जुळणाऱ्या आकड्यांमुळेच त्या सापडतात. ऑटोमॅटिक केलं की सगळे आकडे एकमेकांशी जुळतात, स्टॅटचेक पण काही बोलत नाही, पण चुकीचा ग्रुप घेतला असेल तर सगळंच एकसारखं चुकीचं. म्हणून एखाद्या टेबलाचा निकाल एसपीएसएसमध्ये वेगळा काढून ताडून बघायचा, आणि दोन-चार फॉर्म तरी कागदावरून कॉम्प्युटरपर्यंत हाताने तपासायचे.

आता वाक्यांबद्दल. रिपोर्ट नावाचं पॅकेज आहे, त्याला टी टेस्ट दिली की पूर्ण परिच्छेद लिहून देतं, फरक सार्थक आहे, परिणाम मध्यम आहे वगैरे. शिकताना वापरायला छान आहे. थिसिसमध्ये टाकू नका. ते "मध्यम" येतं कुठून तर ठरलेल्या पट्ट्यांवरून, कोहेन यांनी दिलेले ०.२, ०.५ आणि ०.८, आणि ते स्वतःच सांगून गेलेत की विषयातलं दुसरं काहीच माहीत नसेल तेव्हाच हे वापरा. पैलवानाच्या चिंतेतले २.१ गुण आखाड्यात उतरल्यावर काही फरक पाडतात का, ते तुम्हाला सांगता येईल, कारण तुम्ही तालमीत जाऊन बसलाय, पॅकेज बसलेलं नाही.

यापेक्षा वाईट म्हणजे जर-तरचे साचे. काहीजण कोडमध्येच लिहून ठेवतात की पी .०५ पेक्षा कमी असेल तर "सार्थक फरक आढळला" छाप, नाहीतर "आढळला नाही" छाप. हुशारी वाटते. पण समजा तुमचे सात फॉर्म गेले आणि पी .०४६ चा .०५८ झाला, तर ते वाक्य गुपचूप बदलणार आणि पुढचं चर्चेचं प्रकरण मात्र त्या फरकाची कारणं सांगत बसणार. मी उलट करतो. वाक्य हाताने लिहायचं, आणि त्याच्या वरच कोडमध्ये एक अट टाकायची, स्टॉप-इफ-नॉट म्हणून फंक्शन आहे, की हा पी .०५ च्या खाली असेल आणि पैलवानांचा मीन जास्त असेल तरच पुढे जा. डेटा बदलून निकाल उलटला की फाइलच तयार होत नाही, लाल अक्षरात एरर येतो, मग तुम्ही तिथे जाऊन वाक्य पण वाचता आणि चर्चा पण. आकडा आपोआप बदलू दे, अर्थ बदलायची वेळ आली की मशीनने थांबून हाक मारली पाहिजे. सगळ्या उत्तरातलं एकच काही घ्यायचं असेल तर हे घ्या, कारण पॅकेजांची नावं काय, गुगलवर मिळतात.

सात फॉर्मबद्दल पण बोलायला पाहिजे. अर्धवट फॉर्म काढणं रास्त आहे, गाईडचं काही चुकलं नाही. पण नियम काय? मोजायच्या दहा वाक्यांपैकी किती रिकामी असली की फॉर्म बाद? तो नियम कोडमध्ये एका ओळीत लिहा आणि सगळ्या फॉर्मना लावा, मग सातच निघतात का आठ का पाच ते बघा. हाताने निवडून सात काढले असं नको. कारण एकदा हे बटणावर आलं ना, की मोह होतो, हा काढून बघू, तो काढून बघू, पी खाली येतो का. सिमन्स, नेल्सन आणि सिमन्सन यांनी २०११ मध्ये दाखवून दिलंय की अशा छोट्या छोट्या सवलती घेत गेलं तर खोटा निकाल सार्थक दाखवणं किती सोपं असतं. तेव्हा थिसिसमध्ये दोन्ही लिहा, सगळे धरून काय आलं आणि फॉर्म काढून काय आलं. नव्या पद्धतीत दुसरा निकाल काढायला काही कष्टच नाहीत, तेवढी तरी सोय वापरा.

चॅटजीपीटी. आउटपुट चिकटवून परिच्छेद लिहून घेणं म्हणजे डीटीपीवाल्याच्या जागी दुसरा डीटीपीवाला, फक्त हा जास्त आत्मविश्वासाने टाइप करतो. डीएफ बदलेल, न दिलेला इफेक्ट साइझ (फरकाच्या मोठेपणाचं माप) स्वतःच घालेल, आणि मराठी इतकं सफाईदार की वाचताना शंका येत नाही. शिवाय खेळाडूंची नावं, तालमीची नावं असलेली फाइल तिथे टाकायची परवानगी तुम्ही संमतीपत्रात घेतलीय का? नसणार. आरचा कोड लिहून घ्यायला, एरर समजून घ्यायला मात्र जरूर वापरा, तिथे तो खरंच कामाचा आहे, कारण कोड चालवून बघता येतो, चुकला तर अडकतो.

मग चार महिन्यांत कोडिंग न येणाऱ्या माणसाने काय करायचं? खरं सांगू का, पूर्ण थिसिस क्वार्टोत हलवू नका. फक्त रिझल्टचं चॅप्टर हलवा. रोज थोडा वेळ दिला तर महिन्याभरात एक टी टेस्ट, एक अनोव्हा, एक कोरिलेशन एवढं जमतं, आणि बाकीची टेबलं म्हणजे त्याचीच नक्कल, व्हेरिएबलचं नाव बदलून. तेही नको वाटलं तर जामोवी किंवा जास्प घ्या, दोन्ही फुकट, माऊसवर चालतात, टेबलं एपीएच्या रूपातच येतात आणि डेटात बदल केला की निकाल आपले आपण बदलतात. वर्डमध्ये कॉपी करणं मात्र राहतं, म्हणजे चूक कमी होते, संपत नाही. आणि एसपीएसएसलाच चिकटून राहायचं असेल (तुमची कॉपी कुठून आली ते मी विचारत नाही), तर निदान प्रत्येक वेळी ओके न दाबता पेस्ट दाबा, म्हणजे सिंटॅक्स (कमांडचा मजकूर) साठत जातो, फॉर्म काढल्यावर सगळी ॲनालिसिस एका झटक्यात परत चालते. ओएमएस म्हणून सोय आहे त्यात, तिने आउटपुटची टेबलं थेट फाइलमध्ये पाठवता येतात.

आर घेतलंत तर व्हर्जन लिहून ठेवा आणि सबमिशन होईपर्यंत अपडेट करू नका. बूटस्ट्रॅप (डेटातून परत परत रँडम नमुने काढणं) वगैरे वापरत असाल तर सीड (रँडम निवडीची सुरुवात ठरवणारा आकडा) ठेवा. २०१९ मध्ये आरचं ३.६.० व्हर्जन आलं तेव्हा रँडम सॅम्पल काढायची पद्धतच बदलली होती, तोच सीड देऊन पण जुने आकडे येईनात, आणि व्हायवाच्या आधी हे लक्षात येणं म्हणजे लई वाईट.

एक अडचण राहतेच आणि तिच्यावर माझ्याकडे पक्का उपाय नाही. गाईडना वर्डच लागतं, ते वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस लावून दुरुस्त्या करतात, आणि त्या दुरुस्त्या मूळ टेक्स्ट फाइलमध्ये तुम्हालाच हाताने उतरवाव्या लागतात. मी एवढंच करतो की कोडमधून आलेल्या आकड्यांना गाईडच्या कॉपीत हलका राखाडी रंग देतो आणि सांगतो, सर, राखाडी सोडून काहीही बदला, राखाडी चुकीचं वाटलं तर शेजारी कमेंट टाका. बहुतेक सर मंडळी ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांच्याकडून आलेली फाइल आणि माझी फाइल वर्डच्या कंपेअरमध्ये टाकतो, आकडा बदललेला लगेच दिसतो. तुम्ही पण सुरुवात एका टेबलापासून करा, पैलवान विरुद्ध फुटबॉल, एकच टी टेस्ट, आणि कुठे अडलात तर एरर जसाच्या तसा इथे टाका, स्क्रीनचा फोटो नको, मजकूर कॉपी करून टाका.